विश्लेषण : ध्रुवीय प्रदेशातील तेलगळती जीवाणू साफ करतील?

सायबेरियात आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेल्या नोरिल्स्क शहराजवळ २९ मे २०२० रोजी एका वीज प्रकल्पाची इंधनटाकी खचली. सुमारे २१ हजार टन डिझेल बाहेर पडले. त्यातील १५ हजार टन पाण्यात आणि सहा हजार टन जमिनीत गेल्याचा अंदाज होता. अम्बार्नाया नदीचे पाणी लालसर दिसू लागले. नदीत तरंगते अडथळे टाकून आणि पंप लावून जेवढे डिझेल उपसता आले तेवढे उपसण्यात आले. मातीत मुरलेले आणि गाळात अडकलेले डिझेल मात्र पंपाने निघत नाही. ते काम शेवटी सूक्ष्मजीवांवर येऊन पडते. गोठणबिंदूच्या आसपासही तेल पचवणारे जीवाणू आर्क्टिक आणि अंटार्क्टिकात आहेत, याबद्दल आता शंका उरलेली नाही. ते हे काम किती वेगाने करतात आणि त्यांच्या भरवशावर किती राहता येईल, हे मात्र समजून घ्यावे लागते.

ध्रुवीय प्रदेशात तेल येते कुठून?

ध्रुवांवर माणूस जिथे पोहोचला तिथे इंधनही पोहोचले. अंटार्क्टिकातील संशोधन तळ, वाहने आणि जनरेटर प्रामुख्याने डिझेलसारख्या इंधनावर चालतात. हे इंधन जहाजातून येते, टाक्यांमध्ये साठवले जाते आणि पाइप किंवा पिंपांतून हलवले जाते. यातील प्रत्येक टप्प्यावर सांडलवंड होऊ शकते. २८ जानेवारी १९८९ रोजी ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आदळले आणि सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात गेले. त्याची झळ पेंग्विन आणि इतर समुद्रपक्ष्यांना बसली.

आर्क्टिकमध्ये धोका आणखी मोठा आहे. तिथे तेल आणि वायूच्या विहिरी आहेत, पाइपलाइन आहेत, खाणी आणि शहरे आहेत. समुद्रावरील बर्फ कमी होत असल्याने जहाजेही वाढत आहेत. रशियाच्या उत्तर सागरी मार्गावरून २०१४मध्ये सुमारे ४० लाख टन मालाची वाहतूक झाली होती. २०२४मध्ये हा आकडा पावणेचार कोटी टनांच्या पुढे गेला. दुसरीकडे कायम गोठलेली जमीन, म्हणजे परमाफ्रॉस्ट, वितळू लागली आहे. तिच्यावर उभ्या असलेल्या टाक्या, पाइपलाइन आणि इमारतींचा पायाच त्यामुळे डळमळीत होतो. नोरिल्स्कच्या दुर्घटनेनंतर कंपनीने हेच कारण पुढे केले होते. रशियातील न्यायालयाने तरीही कंपनीला सुमारे १४,६०० कोटी रुबलची भरपाई देण्याचा आदेश दिला.

जीवाणू तेल ‘खातात’ म्हणजे काय करतात?

खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या आणि कडी. जीवाणूंच्या दृष्टीने हे ऊर्जेने भरलेले अन्न आहे, पण ते पचायला अवघड आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आधी ते गाठावे लागते. त्यासाठी अनेक जीवाणू साबणासारखे पदार्थ तयार करतात. भांडी घासताना साबणाने तेलकटपणा सुटतो, तसे या पदार्थांमुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि त्यांच्यावर जीवाणूंना बसता येते.

पुढची पायरी विकरांची, म्हणजे एन्झाइमची. विशिष्ट विकरे कार्बनच्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा अणू जोडतात. त्यामुळे साखळीचे आधी अल्कोहोल आणि शेवटी मेदाम्ल होते. एकदा मेदाम्ल झाले की पुढचे पचन आपल्या शरीरात तेल-तूप पचते त्याच पद्धतीने चालते. साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात, त्यातून ऊर्जा मिळते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. सरळ साखळ्या लवकर तुटतात. बेंझिनसारखी कडी असलेले रेणू तोडायला वेगळी विकरे लागतात आणि वेळही जास्त लागतो. डांबरासारखा जड भाग तर बहुतेक जीवाणूंना पचतच नाही. म्हणूनच एकच जीवाणू सगळे तेल संपवत नाही. एक गट साखळ्यांवर, दुसरा कड्यांवर, तिसरा पहिल्या दोघांनी टाकलेल्या तुकड्यांवर जगतो.

जिथे तेलच नव्हते तिथे हे जीवाणू कसे?

माणसाने तेल काढायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या तेल झिरपत आले आहे. कॅनडाच्या बॅफिन बेटाजवळील स्कॉट इनलेट हे आर्क्टिकमधील अशा झिरपीचे परिचित ठिकाण आहे. शिवाय वनस्पती, शैवाल आणि काही प्रकाशसंश्लेषी जीवाणू स्वतःच तेलातल्यासारखे रेणू तयार करतात. जगभरच्या समुद्रांतील नील-हरित जीवाणू दरवर्षी ३० कोटी टनांहून अधिक हायड्रोकार्बन तयार करत असावेत, असा अंदाज २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला होता. हे हायड्रोकार्बन साचून राहत नाहीत, कारण ते खाणारेही शेजारीच असतात.

स्वच्छ पाण्यात या जीवाणूंची संख्या नगण्य असते. तेल आले की तीच संख्या काही दिवसांत झपाट्याने वाढते आणि अन्न संपले की पुन्हा घटते. १९९८मध्ये वर्णन झालेला ‘अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’ हा उत्तर समुद्रात सापडलेला जीवाणू याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याला साखर जवळजवळ चालत नाही. त्याचे जगणे हायड्रोकार्बनवरच आहे.

थंडीत तेलाचे काय होते?

डिसेंबरमध्ये खोबरेल तेलाची बाटली थिजते, हा अनुभव घरोघरी असतो. खनिज तेलाचेही थंडीत असेच काहीसे होते. ते घट्ट होते, त्यातले मेण वेगळे होऊ लागते आणि तवंग पसरण्याऐवजी जाड थर राहतो. जाड थर म्हणजे कमी पृष्ठभाग आणि कमी पृष्ठभाग म्हणजे जीवाणूंना शिरकाव करायला कमी जागा. उष्ण प्रदेशात तेलातील हलके आणि विषारी घटक लवकर उडून जातात. थंडीत ते जास्त काळ टिकतात आणि सुरुवातीला जीवाणूंनाही त्रास देतात.

बर्फ ही वेगळीच अडचण आहे. समुद्राचे पाणी गोठताना त्यातील क्षार बाहेर टाकले जातात आणि बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या तयार होतात. बर्फाखाली सांडलेले तेल या नळ्यांत शिरते, हिवाळ्यात तिथेच अडकते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळताना पुन्हा बाहेर येते. या काळात तो बर्फ वाहत शेकडो किलोमीटर दूर गेलेला असू शकतो. जमिनीवर तर वर्षातील मोजके आठवडेच माती गोठणबिंदूच्या वर असते. बाकीचे महिने जीवाणूंचे काम जवळपास बंद असते.

मग शून्य अंशाला जीवाणू काम कसे करतात?

साधारणपणे तापमान दहा अंशांनी घसरले की रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. थंडीत राहणाऱ्या जीवाणूंनी यावर दोन मुख्य उपाय काढले आहेत. पहिला, त्यांची विकरे अधिक लवचीक असतात. त्यामुळे कमी ऊर्जेतही ती काम करतात, मात्र थोड्याशा उष्णतेनेही बिघडतात. दुसरा उपाय पेशीच्या आवरणाचा. खोबरेल तेल थिजते तेव्हा शेजारची शेंगदाणा तेलाची बाटली वाहती असते, कारण शेंगदाणा तेलात असंतृप्त मेदाम्ले जास्त असतात. थंडीतले जीवाणूही आपल्या आवरणात असंतृप्त मेदाम्ले वाढवतात आणि ते थिजू देत नाहीत.

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातील रॉड उपसागरातून मिळालेला ‘ओलेइस्पिरा अंटार्क्टिका’ हा या गटातील नामांकित जीवाणू. त्याचे वर्णन २००३मध्ये प्रसिद्ध झाले. तो एक ते २५ अंश सेल्सियसमध्ये वाढतो, पण त्याला सर्वाधिक मानवते ते दोन ते चार अंश तापमान, म्हणजे घरातल्या फ्रिजइतके. थंडीत प्रथिनांची घडी बिघडू नये म्हणून मदत करणारी खास प्रथिने त्याच्याकडे आहेत. त्यांची जनुके प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूत घातली तेव्हा तो एरवी न झेपणाऱ्या थंडीतही वाढू लागला. आज प्रथिने तयार करण्याच्या संशोधनात असे ई. कोलाय बाजारात विकत मिळतात.

थंड पाण्यात हे जीवाणू प्रत्यक्ष कामाला लागतात, याचा मोठा पुरावा ध्रुवांपासून दूर मिळाला. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटना झाली तेव्हा सुमारे ११०० मीटर खोलीवर तेलाचा मोठा लोट पसरला होता. तिथले पाणी जेमतेम पाच अंशांचे होते. तरीही त्या लोटात ओलेइस्पिराच्या कुळातील जीवाणूंची संख्या आसपासच्या पाण्याच्या तुलनेत कितीतरी वाढलेली आढळली.

मग अडते कुठे?

तेलात कार्बन मुबलक असतो, पण नत्र आणि स्फुरद जवळपास नसते. नवी पेशी बांधायला ही दोन्ही लागतात. १०० भाग कार्बनमागे १० भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, असे ढोबळ प्रमाण मानले जाते. म्हणजे तेल सांडल्यावर जीवाणूंपुढे जेवण भरपूर वाढलेले असते, पण त्यातून वाढीला लागणारे घटकच गायब असतात. ध्रुवीय माती आणि किनाऱ्यावरची रेती या बाबतीत आधीच गरीब असते.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी लॅब्राडोर किनाऱ्यावरील रेती आणि समुद्राच्या पाण्यात डिझेल व कच्चे तेल मिसळून ते चार अंश तापमानात काही आठवडे ठेवले. ज्या बाटल्यांत नत्र आणि स्फुरद घातले होते, तिथे स्थानिक जीवाणूंनी तेल पचवण्याचे काम जोमाने सुरू केले. हा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. वाढलेल्या जीवाणूंत ओलेइस्पिराही होता आणि कडी तोडणारा ‘सायक्लोक्लास्टिकस’ही होता.

म्हणजे खत टाकले की झाले, असेही नाही. पिकाला खताचा मारा जास्त झाला तर ते करपते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोरड्या ध्रुवीय मातीतही तसेच होते. आधीच थोडे असलेले पाणी खतातील क्षारांमुळे जीवाणूंना घेता येत नाही आणि काम मंदावते. त्यामुळे मात्रा मोजूनमापून, शक्यतो हळूहळू विरघळणाऱ्या खतातून द्यावी लागते.

‘एक्झॉन वाल्डेझ’ने काय शिकवले?

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे टँकर जहाज खडकावर आदळले. सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल सांडले आणि दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा कमी-अधिक प्रमाणात माखला. हा प्रदेश आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला असला तरी थंड आहे आणि तिथे खत वापरून जीवाणूंना मदत करण्याचा तोवरचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. युरिया असलेले, तेलाला चिकटणारे द्रवरूप खत आणि हळूहळू विरघळणारे दाणेदार खत किनाऱ्यावर टाकण्यात आले. काही ठिकाणी तेल तुटण्याचा वेग दोन ते पाच पटींनी वाढल्याचे मोजमापांत दिसले. बाजारात मिळणारे तयार जीवाणू टाकून मात्र वेगळा फायदा दिसला नाही. स्थानिक जीवाणू पुरेसे होते, त्यांना खत हवे होते.

या यशाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने २००१मध्ये ९१ ठिकाणी खड्डे खणून पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल सापडले. दुर्घटनेला बारा वर्षे झाली होती. दगडगोट्यांच्या वरच्या थराखाली अडकलेले हे तेल फारच सावकाश कमी होत होते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण पुढे आले. खालच्या घट्ट थरात पाणी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ऑक्सिजन पोहोचत नाही. जीवाणू तिथे आहेत आणि अन्नही आहे, पण त्यांचा श्वास कोंडलेला आहे.

कॅनडाच्या बॅफिन बेटावरील केप हॅट येथील अनुभवही असाच आहे. तिथे १९८१मध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी मुद्दाम थोडे कच्चे तेल सोडले होते. सुमारे चार दशकांनंतर, २०१९मध्ये तिथे परत गेलेल्या पथकाला किनाऱ्याच्या काही भागांत त्या तेलाचे अवशेष सापडले.

बाहेरून ‘सुपर’ जीवाणू आणता येतील?

ही कल्पना जुनी आहे आणि तिच्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत ‘जनरल इलेक्ट्रिक’मध्ये काम करताना तेलातील अनेक घटक एकाच वेळी तोडू शकणारा स्यूडोमोनास जीवाणू तयार केला. सजीवाला पेटंट मिळू शकते का, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पाया या निकालाने घातला. तो जीवाणू मात्र तेलगळतीवर प्रत्यक्ष कधी वापरला गेला नाही.

अंटार्क्टिकात तर असा प्रयोग करताच येत नाही. १९९१चा माद्रिद करार १९९८पासून लागू आहे. त्यानुसार तिथे बाहेरचे सजीव परवानगीशिवाय नेता येत नाहीत आणि सूक्ष्मजीव शिरू नयेत यासाठीही काळजी घेणे बंधनकारक आहे. शास्त्रीयदृष्ट्याही बाहेरून आणलेले जीवाणू थंडी, क्षार आणि स्थानिक जीवाणूंची स्पर्धा यांपुढे फार काळ टिकत नाहीत. म्हणून तिथे आता जे आहेत त्यांनाच बळ देण्यावर भर आहे.

अंटार्क्टिकात प्रत्यक्ष काय केले जाते?

ऑस्ट्रेलियाच्या केसी तळावरचे काम यात पुढे आहे. जुन्या गळतीने दूषित झालेली माती खणून, खाली गळती रोखणारा जाड थर अंथरून तिचे ढीग रचले जातात. त्यात खत मिसळले जाते आणि नळ्यांमधून हवा खेळवली जाते. कल्पना शेतातल्या खताच्या ढिगासारखीच आहे. त्यांना ‘बायोपाइल’ म्हणतात. दूषित माती जहाजात भरून हजारो किलोमीटर दूर नेण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि साफ झालेली माती तळावरच बांधकामात वापरता येते. उतारावरून वितळलेल्या बर्फाच्या पाण्याबरोबर इंधन समुद्राकडे वाहू नये म्हणून जमिनीत आडव्या भिंतीही घातल्या आहेत. पाणी त्यातून जाते, इंधन अडते आणि भिंतीतले खत जीवाणूंना मिळते. यासाठी एक उन्हाळा पुरत नाही. कित्येक हंगाम वाट पाहावी लागते.

भारताचा संबंध काय?

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली होती. आज गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ तसेच आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ या तळांचे काम पाहते. तळ म्हटले की इंधन आले आणि इंधन आले की जबाबदारीही आली. २०२२च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने तेथील पर्यावरणाच्या रक्षणाचे नियम भारतीय मोहिमांवर कायद्याने बंधनकारक केले आहेत.

तेल खाणाऱ्या जीवाणूंचे तंत्र भारताला नवे नाही. ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूंचे मिश्रण तेलशुद्धीकरण प्रकल्पांतील तेलकट गाळ साफ करण्यासाठी वापरले गेले आहे. भारतातल्या उन्हात मात्र जीवाणू बारा महिने काम करतात. ‘मैत्री’च्या आवारात त्यांना वर्षातले काही आठवडेच मिळतात.

जीवाणूंच्या भरवशावर राहता येईल?

तेल पचवण्याची क्षमता ध्रुवांवर निसर्गतःच आहे. तिला खत, हवा आणि वेळ दिला तर ती काम करते. पण तिचा हिशेब वर्षांचा आणि दशकांचा असतो, तर तवंगात सापडलेल्या पक्ष्याकडे काही तासच असतात. जहाज फुटल्यावर पहिल्या दिवसांत होणारे नुकसान कोणताही जीवाणू रोखू शकत नाही. जड इंधन तेलाचा मोठा हिस्सा तर त्यांना पचतही नाही.

म्हणूनच जहाजांसाठीचे नियम अधिक महत्त्वाचे ठरतात. अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधन तेल वापरण्यास आणि वाहून नेण्यास ऑगस्ट २०११पासून बंदी आहे. आर्क्टिकमध्ये इंधन म्हणून त्याच्या वापरावरची बंदी १ जुलै २०२४पासून लागू झाली, पण काही जहाजांना आणि आर्क्टिक किनारा असलेल्या देशांच्या झेंड्याखालील जहाजांना जुलै २०२९पर्यंत सवलत मिळू शकते. ही पाच वर्षे नेमकी वाहतूक वाढण्याची आहेत. या काळात एखादे जहाज फुटले तर बर्फाखालचे जीवाणू कामाला लागतील. मात्र केप हॅटचा अनुभव पाहता, ते काम पूर्ण झालेले पाहायला आजची पिढी असेलच, याची खात्री देता येत नाही.